वाळवंटातल्या कोंबडीने शिकवलेला धडा
– एक ऊस उत्पादक सभासद (माजी सैनिक)



आपल्या या पत्रिकेत लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, पाचटाचे खत, ठिबकचे वेळापत्रक असे विषय नेहमी येतात, आणि ते यायलाच हवेत. मी आज कोंबडीवर लिहिणार आहे. गट ऑफिसात तसे बोललो तेव्हा शेजारी बसलेला चिटबॉय हसला. म्हणाला, "मेजर, कोंबडीला टनाला भाव किती धरायचा?"

त्याचे हसणे मी मनाला लावून घेतले नाही. ज्यांच्या वस्तीवर दहा-वीस कोंबड्या आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. उसाचे बिल वर्षात दोन-तीन हप्त्यांनी येते आणि हातात येण्यापूर्वीच सोसायटीच्या कर्जाला वळते होते. अंड्याचा पैसा मात्र दर आठवड्याच्या बाजाराला घरच्या बाईच्या हातात पडतो. माझ्या सूनबाईंच्या अशाच पैशांतून नातीच्या शाळेच्या रिक्षाचे भाडे जात होते. त्या कोंबड्यांपैकी चौदा माझ्या चुकीने एका दुपारी मेल्या. ती चूक कशी झाली आणि पुढे आम्ही काय केले, हे सांगण्यासाठी हा लेख.

बाडमेरचे दिवस

१९९४ ते १९९७ ही तीन वर्षे आमची तुकडी राजस्थानात, बाडमेर जिल्ह्याच्या सरहद्दीकडच्या भागात होती. आपल्याकडच्या माणसाला त्या मुलखाची कल्पना यायची नाही. शेजारच्या जैसलमेरला वर्षाचा पाऊस सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे आडसाली उसाला दोन-तीन पाळ्या पाटाने दिल्या तरी यापेक्षा जास्त पाणी होते. मे महिन्यात पारा ४७-४८ वर जायचा. त्याच पट्ट्यातल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. दुपारी जो तापलेला वारा सुटतो त्याला तिकडे 'लू' म्हणतात. तोंडावर भट्टीचे दार उघडावे तसा तो लागतो.

छावणीत आम्ही काय करायचो? वाऱ्याच्या बाजूला वाळ्याचे पडदे नाहीतर गोणपाटे टांगायची आणि त्यांवर पाणी मारत राहायचे. बाहेरचा कोरडा वारा ओल्या गोणपाटातून आत आला की गार होऊन यायचा. पिण्याचे पाणी कॅनव्हासच्या छागळीत भरून गाडीला टांगायचे. तासाभरात ते माठातल्यासारखे होई. मला त्याची फार गंमत वाटायची. ओले गोणपाट म्हणजे उन्हावरचा रामबाण उपाय, असे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्के बसले.

पण त्याच मुलखात मी दुसरीही एक गोष्ट पाहिली होती. तिच्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिले नाही.

ढाणीतली माजी

पाण्याचा टँकर घेऊन जाताना वाटेत आम्ही एका ढाणीवर थांबायचो. ढाणी म्हणजे आपल्याकडची वस्ती. वाळूत दोन-तीन गोल झोपड्या, मातीच्या भिंती, वर गवताचे शाकारलेले टोपीसारखे छप्पर, आणि भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण. हे भिल्लांचे घर होते. त्या भागात सगळ्याच घरी कोंबड्या पाळत नाहीत, कारण पुष्कळ समाज शाकाहारी आहेत. पण या घरी पंधरा-वीस कोंबड्या होत्या आणि एक म्हातारी त्यांचे बघायची. आम्ही तिला 'माजी' म्हणायचो. तिची मारवाडी मला निम्मीच कळायची, पण कोंबड्यांचे काम डोळ्यांनीच कळत होते.

तिच्या कोंबड्या लहान अंगाच्या, उंच पायांच्या, पिसे कमी, तुरा मोठा. पहाटे तांबडे फुटायच्या आत ती त्यांना बाहेर काढायची आणि तेव्हाच मूठभर बाजरी टाकायची. सूर्य कासराभर वर येईपर्यंत कोंबड्या वाळू उकरून किडे, बिया टिपत हिंडायच्या. दहाच्या सुमारास त्या आपणहून परत यायच्या. अंगणात खेजडीचे जुने झाड होते. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. तिच्याखाली पाण्याचे माठ ठेवायचा ओटा होता. त्याला तिकडे परिंडा म्हणतात. माठ पाझरायचे, त्याच्या थेंबांनी खालची वाळू ओलसर राहायची. कोंबड्या त्या ओलसर वाळूत खड्डे करून, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून दिवसभर पडून राहायच्या. कुंपणाच्या काट्यांमुळे आणि ओट्यामुळे लू त्यांच्या अंगावर थेट यायची नाही. पिण्यासाठी मातीचा पसरट परळ वाळूत काठापर्यंत पुरलेला असे, त्यामुळे पाणी तापत नसे.

दुपारी माजी त्यांना दाणा टाकत नसे. एकदा आमच्यातल्या एका जवानाने पोळीचे तुकडे टाकले, तर ती त्याच्यावर रागावली. आम्हाला वाटले, शिळ्या पोळीचा विटाळ वगैरे असेल. ऊन उतरले की पुन्हा बाजरी. मातीचे खुराडे होते, पण ते थंडीसाठी. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली मातीची भिंत रात्री ऊब सोडते, म्हणून उन्हाळ्याच्या रात्री कोंबड्या खेजडीच्या फांदीवर बसायच्या. खाली कुत्रा असायचा.

एवढेच सगळे. त्या घरी टांक्यात साठवलेले पावसाचे पाणी माणसांना वर्षभर पुरवायचे होते. छपरावर किंवा कोंबड्यांवर पाणी शिंपडण्याची चैन माजीला परवडणारी नव्हती. तरी तीन उन्हाळ्यांत तिची कोंबडी उन्हाने मेलेली मी पाहिली नाही.

मे २०१९ ची दुपार

पेन्शनवर आल्यावर मी वस्तीवर राहायला आलो. घराच्या पश्चिमेला आमचा आडसाली ऊस. त्याच्या कडेला पत्र्याचे छप्पर टाकून केलेले आठ फूट बाय सहा फुटांचे खुराडे, त्यात सूनबाईंच्या बावीस कोंबड्या. माहेरून आणलेल्या पाच तलंगांपासून त्यांनी हा पसारा वाढवला होता. रोज दहा-अकरा अंडी निघायची, आणि गावठी अंड्याला तेव्हा दहा रुपये मिळायचे.

त्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा चांगला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना लग्नाला जायचे होते. सकाळी आभाळ स्वच्छ, ऊन कडक, वारा अजिबात नाही. सूनबाई म्हणाल्या, "मामा, आज कोंबड्या मोकळ्या सोडून जाऊ का?" मी म्हटले, "मुंगूस नेईल. तुम्ही काळजी करू नका, बाडमेरला तंबू कसा गार ठेवायचो ते मला माहीत आहे."

मी खुराड्याच्या चारही बाजूंनी ओली गोणपाटे सोडली. ऊन शिरू नये म्हणून खालून दगडही ठेवले. पाणी प्लॅस्टिकच्या भांड्यात भरले. आणि दिवसभर उपाशी राहायला नकोत म्हणून निघताना, साडेदहाच्या सुमारास, भरपूर दाणा टाकला. रेडिओवर त्या दिवशी कमाल तापमान ३८ अंश सांगितले होते. मनात म्हटले, ४७ मध्ये राहून आलोय, ३८ चे काय घेऊन बसलात.

साडेचारला परत आलो. गोणपाट वर केले तेव्हा आतून वाफ तोंडावर आली. चौदा कोंबड्या मेलेल्या होत्या. उरलेल्या मान लांब करून धापा टाकत होत्या. गोणपाटे सकाळी जशी ओली होती तशीच ओली होती. सूनबाईंनी एकेक करून मेलेल्या बाहेर काढल्या आणि मोजल्या. एवढेच म्हणाल्या, "दुपारी एकदा कुणीतरी बघायला पाहिजे होतं, मामा." त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

डॉक्टरांनी काय सांगितले

मला पहिली शंका राणीखेतची आली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणतात. म्हणून मेलेल्यांतल्या दोन घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी त्या उघडून पाहिल्या. छातीचे मांस उकडल्यासारखे पांढरट पडले होते. ते म्हणाले, "मेजर, हा रोग नाही. या उष्माघाताने गेल्या." मी विचारले, "साहेब, बाडमेरला ४७ मध्ये कोंबडी जगते आणि इथे ३८ मध्ये कशी मरते?" त्यांनी मला समोर बसवून समजावले. ते जसे कळले तसे लिहितो.

कोंबडीच्या अंगाची उष्णता एरवीच ४१ अंशांच्या आसपास असते. ती आणखी चार-पाच अंशांनी चढली की कोंबडी जगत नाही. माणसाला घाम येतो, बैलाला येतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. त्यात अंगावर पिसांची गोधडी. सावलीतल्या हवेचा पारा ३० च्या वर गेला की ती पंख अंगापासून दूर धरते, तुरा आणि गळ्याखालची लाल कातडी यांतून उष्णता सोडते. तेवढ्याने भागले नाही की चोच उघडून धापा टाकते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणारी कोंबडी तेव्हा दीडशेच्या वर जाते. फुफ्फुसाला जोडलेल्या हवेच्या नऊ पिशव्या तिच्या पोटा-छातीत असतात. त्यांतला ओलावा उडून बाहेर जातो, तेवढीच तिच्या अंगातली उष्णता कमी होते. म्हणजे आपला घाम कातडीवर वाळतो, तिचा श्वासात वाळतो.

आता हा ओलावा उडायला हवा कोरडी पाहिजे. बाडमेरला मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलावा जवळजवळ नसतोच. धुतलेला शर्ट पाच मिनिटांत कडकडीत होतो. म्हणून तिथे कोंबडीची धाप कामी येते. वळवाच्या पावसानंतर, तेही चहूकडे पाणी पाजलेला ऊस उभा असताना, हवा ओलाव्याने भरलेली असते. अशा हवेत कोंबडी कितीही धापली तरी ओलावा उडत नाही. धापा टाकण्याचे श्रम मात्र होतात, आणि त्यांची उष्णता आणखी वाढते.

वाऱ्याचेही तसेच. हवा कोंबडीच्या अंगापेक्षा जास्त तापलेली असेल तर वारा तिला भाजतो. म्हणून माजीच्या कोंबड्या लूपासून आडोशाला बसत. पण हवा ४१ च्या खाली असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, तो हवाच असतो. आमच्याकडे ३८ होते. म्हणजे वारा औषध होता, आणि मी चारही बाजू बंद करून तोच अडवला. आत ओल्या गोणपाटांची वाफ, वर तापलेला पत्रा, आणि बावीस कोंबड्यांच्या अंगाची व श्वासाची ऊब.

शेवटची गोष्ट दाण्याची. खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यानंतर तीन ते पाच तासांनी सर्वांत जास्त असते. साडेदहाला टाकलेला दाणा बरोबर दोन-तीनच्या उन्हात पचायला आला. माजी त्या जवानावर का रागावली होती, हे मला बावीस वर्षांनी त्या दवाखान्याच्या बाकावर कळले. वाळवंटातून मी छावणीची युक्ती घेऊन आलो होतो. माजीची कोंबडी पाळण्याची रीत तिथेच विसरून आलो होतो.

नवे खुराडे

त्याच महिन्यात मी माझ्या पेन्शनमधून सूनबाईंना पंधरा तलंगा आणून दिल्या आणि खुराड्याची जागा बदलली. खर्च फार नाही. जे केले ते असे :

१) उसाच्या कडेचे खुराडे मोडून ते खळ्यातल्या कडुनिंबाच्या पूर्वेला घेतले. दुपारनंतरची सावली आपोआप मिळते. उभा आडसाली ऊस म्हणजे वाऱ्याला भिंतच असते. खुराडे उसापासून जेवढे दूर नेता येईल तेवढे न्यावे.

२) लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळचे व संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. बारा फूट बाय आठ फूट जागा केली. पहिल्या जागेत एका कोंबडीला जेमतेम दोन चौरस फूट येत होते, आता चार येतात.

३) भिंत फक्त एक फूट उंच, वर चारही बाजूंनी जाळी. मुंगसासाठी खाली बारीक जाळी आणि जमिनीत वीतभर दगड.

४) जुनाच पत्रा वापरला, पण त्यावर बांबू टाकून चार बोटे पोकळी ठेवली आणि वर वीतभर जाड पाचट काथ्याने बांधले. पत्र्याला हात लावून बघा, फरक लगेच कळतो. पाचट जाळण्यापेक्षा शेतात कुजवावे हे कारखाना सांगतो ते बरोबरच आहे. छपराला दोन-तीन भारेच लागतात. मात्र पाचट पेट घेते, म्हणून चूल आणि विजेची उघडी वायर यांपासून दूर ठेवावे, आणि दरवर्षी बदलावे, नाहीतर उंदीर आणि त्यांच्यामागे साप येतो.

५) बाहेर झाडाखाली तीन फूट बाय तीन फुटांचा वाळूचा खड्डा केला. सकाळी त्यात बादलीभर पाणी टाकायचे. वाळू ओलसर राहावी, चिखल होऊ नये. ही माजीच्या परिंड्याची नक्कल. खुराड्याच्या आतला भुसा मात्र कोरडाच हवा, आत ओल राहिली तर रक्ती हगवण लागते. आम्ही आत कोरडा बगॅस अंथरतो. बुरशी आलेला बगॅस वापरू नये, त्याने कोंबडीची छाती धरते.

आता ओल्या गोणपाटांविषयी. ती वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. एप्रिलमध्ये आणि वळीव पडण्यापूर्वी आपल्याकडेही दुपारची हवा कोरडी असते. तेव्हा वाऱ्याच्या फक्त एका बाजूला ओले गोणपाट टांगावे आणि समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवावी. हवा कोरडी आहे की दमट हे बघायला मी घरचीच एक युक्ती करतो. खुराड्याजवळ सावलीत एक ओला पातळ टॉवेल टांगतो. अर्ध्या तासात वाळायला लागला तर गोणपाट चालेल. तासाभराने तसाच ओला असेल तर गोणपाटे काढून टाकायची, चारही बाजू मोकळ्या करायच्या आणि वारा नसेल तर घरातला पंखा आणून लावायचा. हे काही शास्त्रातले मोजमाप नव्हे, घरगुती अंदाज आहे, पण २०१९ पासून त्याने मला फसवलेले नाही.

रोजचा क्रम

पाणी : कोंबडी जेवढा दाणा खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, आणि कडक उन्हात त्याच्याही दुप्पट. एका मोठ्या कोंबडीला उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर धरावे. पाणी तापले की ती पीत नाही. मातीचे परळ सावलीत पुरून ठेवावेत, एक रिकामे झाले तरी दुसरे असावे. दुपारी पाणी बदलताना काळ्या पाइपातले पहिले पाणी वाहू द्यावे, ते चहासारखे गरम असते.

दाणा : एकदा पहाटे, एकदा ऊन उतरल्यावर. नऊनंतर पाचपर्यंत काही नाही. तुम्हाला दया येईल, पण टाकू नका.

अंड्याचे कवच : उन्हाळ्यात कवच पातळ का होते हेही धापेतच आहे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे मालच कमी पडतो. कवच प्रामुख्याने रात्री तयार होते, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी ठेवावा.

अंडी : दिवसातून दोनदा गोळा करावीत. कोंबडा लागलेले अंडे उन्हाळ्यात नुसते पडून राहिले तरी आत जीव धरू लागतो आणि मग अंडे नासते. विकायच्याच अंड्यांसाठी उन्हाळ्यात कोंबडा वेगळा ठेवावा. खुडूक कोंबडीलाही मे महिन्यात अंड्यांवर बसवू नये. तिला स्वतःचीच उष्णता पेलत नाही.

धरपकड : दुपारी कोंबड्यांच्या मागे पळू नये. लस टोचणे, बाजाराला नेणे, जागा बदलणे ही कामे पहाटे किंवा रात्री करावीत. राणीखेतची लस मात्र चुकवू नये. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी. दवाखान्यात विचारून, लस बर्फात ठेवून आणावी.

रोग की ऊन, हे ओळखण्याची साधी खूण अशी : उन्हाची धाप रात्री गारव्यात थांबते. सकाळीही चोच उघडी असेल, नाक वाहत असेल, हिरवी हगवण असेल, मान वाकडी होत असेल, तर तो रोग आहे. अशा वेळी, किंवा एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर, उरलेल्या विकायला काढू नका. मेलेल्या ओढ्यात टाकू नका. आधी डॉक्टरांना बोलवा.

एखादी कोंबडी उन्हाने कोसळलीच, तर तिला सावलीत वाऱ्याला आणून पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवावे, डोके वर धरावे. बर्फाचे पाणी नको. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासात जाते. ती स्वतः प्यायला लागली म्हणजे वाचली.

जात कोणती घ्यावी?

मांसाची जड कोंबडी उन्हात सर्वांत आधी जाते. हलक्या अंगाची, मोठ्या तुऱ्याची जास्त टिकते. माजीच्या कोंबड्या तशा होत्या, आपल्या जुन्या गावठीही तशाच. उघड्या मानेच्या कोंबड्या काही जण विद्रूप म्हणून काढून टाकतात. काढू नका. त्यांच्या अंगावर पिसेच कमी असतात, म्हणून त्या उन्हाला चिवट. बरेली जवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने अशाच उघड्या मानेच्या कोंबडीपासून 'हितकारी' ही जात तयार केली आहे. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठाची 'प्रतापधन' ही राजस्थानच्या परसासाठी काढलेली जात. आपल्याकडे हैदराबादची 'वनराज' आणि बंगळूरची 'गिरिराज' पुष्कळांकडे आहे. त्या चांगल्याच, पण अंगाने जड असल्याने त्यांना सावली आणि जागा जास्त द्यावी लागते.

शेवटचे दोन शब्द

आज सूनबाईंकडे सव्वीस कोंबड्या आहेत. २०१९ नंतर उन्हाने आमची एकही कोंबडी गेलेली नाही. दोन मुंगसाने नेल्या, तो दोष जाळीचा. नातीच्या रिक्षाचे भाडे पुन्हा त्याच पैशातून जाते. हिशेबाची वही सूनबाईंकडे असते, माझ्याकडे फक्त टॉवेल टांगण्याचे आणि परळ भरण्याचे काम आहे.

सभासद बंधूंना एवढीच विनंती, की दुसरीकडची पद्धत पाहून आलात तर तिथे ती का चालते हेही विचारून या. आणि उन्हाळ्यात लग्नाला जाताना कोंबड्यांपाशी दुपारी एकदा फेरी मारायला कुणालातरी सांगून जा. सूनबाई त्या दिवशी तेच म्हणाल्या होत्या.

आमचे खुराडे कुणाला पाहायचे असेल तर गट ऑफिसात चिटबॉयला विचारा, तो वस्ती दाखवील. मागच्या महिन्यात त्यानेही आमच्याकडून सहा तलंगा नेल्या आहेत.

जय जवान, जय किसान!